दिवाणखान्यातले मैदान

भिलाईचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम पोलाद उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. १९५५ साली सोव्हिएट संघाशी झालेल्या करारातून तेथील कारखाना जन्माला आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पण कारखान्याबरोबर तेथे एक नगरही वसवले गेले, आणि त्या नगराची आखणी करणाऱ्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. मोकळ्या जागेच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. सेक्टरांमागून सेक्टर, क्वार्टरांच्या ओळी, त्यांच्यामध्ये शाळा, बाजार आणि मैदान, अशी त्या वसाहतीची घडण आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे पोटासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती, कारण १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि विदर्भातील माणसाला तो मुलूख परका कधी वाटलाच नाही. वेगवेगळ्या बोलींची ही मुले एकमेकांची भाषा शिकण्याआधी एकमेकांशी खेळायला शिकली.

अशा गावात वाढलेल्या माणसाला जर कोणी सांगितले की, दूरदर्शन संचासमोर दिवाणखान्यात उभे राहून, हातात एक पांढरी कांडी धरून ती हवेत फिरवली की टेनिस खेळता येते, तर तो काय म्हणेल? हे कसले खेळणे, असेच तो म्हणेल. चेंडू नाही, धूळ नाही, घाम नाही, आणि पंचाशी भांडण तर नाहीच नाही! त्याचा हा आक्षेप रास्त आहे. पण गंमत अशी की, २००६ साली हा खेळ निघाला तेव्हा त्याच्या समीक्षकांपैकी अनेकांनी घेतलेले आक्षेप याच्या अगदी उलट दिशेचे होते, आणि पुढे काळाने दोघांनाही थोडे थोडे चुकीचे ठरवले. त्या खेळाची समीक्षा कशी झाली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जपानमधील क्योटो या नगरात निन्टेंडो नावाची फार जुनी कंपनी आहे. १८८९ साली ती निघाली ती पत्ते तयार करण्यासाठी. पुढे ती इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली. या खेळांचे यंत्र दूरदर्शन संचाला जोडायचे आणि हातातील बटणांच्या पेटीने पडद्यावरील आकृती हलवायच्या, अशी त्यांची सर्वसाधारण रीत. या पेटीवरची बटणे वर्षागणिक वाढत गेली. शेवटी अशी वेळ आली की, बारा-तेरा वर्षांच्या मुलाची बोटे त्यांवरून सतारीच्या पडद्यांवरून फिरावीत तशी फिरत, आणि त्याच्या आईला मात्र ती पेटी हातात कशी धरायची हेही उमगत नसे. घरातील एक माणूस खेळतो आणि बाकीचे त्याच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे पाहतात, असा तो प्रकार झाला. कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष सातोरू इवाता आणि ज्येष्ठ रचनाकार शिगेरू मियामोतो यांना हीच गोष्ट सलत होती. त्यांनी 'वी' या नावाचे एक नवे यंत्र काढले. त्याच्याबरोबर टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पाच खेळ असलेली एक तबकडी होती. तिचे नाव 'वी स्पोर्ट्स'. १९ नोव्हेंबर २००६ रोजी ती अमेरिकेत विक्रीस आली आणि त्यानंतर काही दिवसांत जपान व युरोपात पोचली.

या कांडीत विशेष काय होते, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण समीक्षेचा अर्धा वाद त्यातूनच उत्पन्न झाला. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक अत्यंत सूक्ष्म भार असतो, आणि तो तितक्याच सूक्ष्म कमानींवर तोलून धरलेला असतो. बस एकदम सुटली म्हणजे उभे असलेले प्रवासी जसे मागे झुकतात, तसा हात वेगाने फिरला की हा भार किंचित मागे राहतो. त्याच्या या सरकण्यामुळे विद्युत्स्थितीत जो फरक पडतो तो यंत्र मोजते आणि हात किती जोराने, कोणत्या दिशेने हलला याचा अंदाज बांधते. येथे 'अंदाज' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मनगट किती वळले, कांडी अवकाशात नेमकी कोठे आहे, हे त्या पहिल्या कांडीला नीटसे कळत नसे. तिला कळे तो झटका. मग तो झटका टेनिसपटूच्या पूर्ण खांद्यातून आलेला असो, नाहीतर आरामखुर्चीत रेललेल्या माणसाच्या मनगटातून! भारतातील मुलाने बेसबॉलचा दांडा क्रिकेटच्या बॅटीसारखा खालून उचलून फिरवला, तरी यंत्र त्याला हरकत घेत नसे. क्रिकेट त्या पाच खेळांत नव्हतेच, ही आपल्याकडची तक्रार मात्र कोणत्याही अमेरिकी समीक्षकाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

आता समीक्षकांकडे वळू. इलेक्ट्रॉनिक खेळांची समीक्षा हा पाश्चात्त्य देशांत आणि जपानात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. नाटकाचे परीक्षण लिहावे तसे खेळाचे परीक्षण लिहिले जाते आणि शेवटी परीक्षेतल्याप्रमाणे गुण दिले जातात. 'मेटाक्रिटिक' नावाची एक संस्था अशा अनेक परीक्षणांतील गुणांची सरासरी काढते. 'वी स्पोर्ट्स'ला या सरासरीत शंभरांपैकी ७६ गुण मिळाले. त्याच दिवशी, त्याच यंत्रासाठी, त्याच कंपनीचा एक दुसरा खेळ अमेरिकेत निघाला होता. 'झेल्डा' या सुप्रसिद्ध मालेतील ते साहसकथानक होते. त्याला ९५ गुण मिळाले. एकाच घरातील दोन भावंडांत एक पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि दुसरा कसाबसा मान राखून बाहेर पडला, असा तो निकाल होता.

गुण का कापले गेले? चित्रे फार साधी, हे पहिले कारण. खेळाडूंच्या आकृती लाकडी ठकीसारख्या दिसत. वाटोळे डोके, गोल हात, पायांचा जवळजवळ अभावच. दुसरे कारण म्हणजे खोलीचा अभाव. टेनिसमध्ये पडद्यावरील खेळाडू आपोआप धावतो, माणसाने फक्त फटका मारायचा. बेसबॉलचे डाव तीनच, आणि चेंडू अडवण्याचे काम यंत्रच करते. गोल्फची मैदाने नऊच. तिसरे कारण वर आलेच आहे: मनगटाच्या झटक्याने काम भागते, मग पूर्ण हात फिरवण्याचे सोंग कशासाठी? खेळणे गमतीचे आहे, पाहुणे आले की मजा येते, पण यात पुढे शिकण्यासारखे थोडे, असा बहुतेकांच्या निर्णयाचा मथितार्थ होता. याला अपवादही होते. 'टाइम' साप्ताहिकाने २००६ मधील खेळांत त्याला पहिले स्थान दिले. ब्रिटनच्या चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीने पुढील वर्षी त्याला अनेक पारितोषिके दिली. तरी व्यवसायातील सर्वसाधारण सूर सावधच राहिला.

या आक्षेपांतील एकही आक्षेप खोटा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण ते कोणत्या बैठकीवरून घेतले गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. व्यावसायिक परीक्षक बहुधा एकटा खेळतो. त्याच्या हाताखालून वर्षाकाठी कितीतरी खेळ जातात. तो खेळ 'संपवतो', कादंबरीचे शेवटचे पान उलटावे तसा, आणि मग लेखणी उचलतो. आता टेनिस 'संपते' कसे? सारीपाट संपवला, असे कोणी म्हणते काय? डाव संपतो, खेळ उरतोच. ज्या गोष्टीला शेवट नाही, तिची लांबी मोजू गेल्यास ती आखूड भरणारच. शिवाय परीक्षकाचे डोळे पडद्यावर होते, आणि ही पहिलीच अशी वेळ होती की खेळातील पाहण्यासारखा भाग पडद्यावर नव्हता. तो पडद्याच्या अलीकडे, सतरंजीवर घडत होता. काका हवेत ठोसे मारताहेत, धाकटी बहीण त्यांना हरवते आहे आणि आजी डोळ्यांना पदर लावून हसते आहे. या दृश्याला गुण देण्याचा रकाना त्या परीक्षणपत्रिकेत नव्हता.

खपाचे आकडे पुढे करून समीक्षकांना निरुत्तर करण्याचा मोह अनेकांना होतो. 'वी स्पोर्ट्स'च्या सुमारे ८ कोटी २९ लक्ष प्रती गेल्या, तर ९५ गुणांच्या त्या साहसकथेच्या एक कोटीही नाहीत. पण हा पुरावा टिकणारा नाही. जपान व दक्षिण कोरिया वगळता बहुतेक देशांत ही तबकडी यंत्रासोबतच दिली जात होती. जो यंत्र घेई त्याच्या घरी ती पोचे, मग त्याला ती हवी असो वा नसो. ती अशी फुकट देण्यास मियामोतो यांचाच विरोध होता, असे कंपनीच्या अमेरिकी शाखेचे त्या वेळचे प्रमुख रेजी फिस-एमे यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कारागिराला आपली वस्तू फुकट वाटली जावी हे रुचत नाही, यात नवल नाही.

खपाच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या एका समीक्षेला अधिक वजन द्यावे लागेल, आणि ती समीक्षा मानवी शरीराने केली. तिचे पहिले प्रकरण हास्यरसाचे आहे. लोकांनी इतक्या त्वेषाने कांड्या फिरवल्या की घामेजल्या हातांतून त्या निसटल्या. मनगटाला बांधायची दोरी तुटली, कांडी जाऊन पडद्यावर, दिव्यावर किंवा शेजारच्या खेळाडूच्या कपाळावर आदळली. खेळ बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच, डिसेंबर २००६ मध्ये, निन्टेंडोने सुमारे ३२ लक्ष दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोरीच्या जागी १ मिलिमीटरची दोरी आली. मनगटाच्या झटक्याने भागते, हे परीक्षकांचे म्हणणे खरे होते, पण दोऱ्या मात्र मनगटाने तुटल्या नव्हत्या. ज्यांना अर्ध्या श्रमात काम होते हे ठाऊक होते, त्यांतीलही पुष्कळजण पूर्ण हात फिरवीत होते. का? तर तसे खेळण्यातच मजा होती म्हणून. चोरवाट ठाऊक असूनही माणूस राजमार्गाने जातो, ही खेळाबद्दलची मोठीच ग्वाही म्हटली पाहिजे.

दुसरे प्रकरण वैद्यकीय आहे. जून २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगन्मान्य नियतकालिकात हुलिओ बोनिस या स्पॅनिश डॉक्टरांचे एक छोटे पत्र आले. एकोणतीस वर्षांचा एक निरोगी तरुण, तोही डॉक्टरच, रविवारी सकाळी उठला तो उजव्या खांद्याच्या तीव्र वेदनेने. पडझड नाही, व्यायाम नाही. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या दिवशी तासन्‌तास पडद्यावरचे टेनिस चालले होते. बोनिस यांनी या दुखण्याला यंत्राच्याच नावावरून नाव दिले आणि उपचार लिहून दिला: एक आठवडा वेदनाशामक गोळ्या, आणि खेळापासून पूर्ण वर्ज्य. खरा टेनिसपटू फटका मारताना चेंडूचा आघात सोसतो आणि थकला की थांबतो. येथे आघात नाही, म्हणून थकवा उशिरा कळतो. मैदानात उतरण्यापूर्वी अंग मोकळे करावे लागते हे कोणालाही सांगावे लागत नाही, पण दिवाणखान्यात ते कोणाला सुचणार?

त्याच वर्षी डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी एक मोजमाप प्रसिद्ध केले. तेरा ते पंधरा वर्षांची अकरा मुले-मुली त्यांनी घेतली. त्यांना आधी बसून खेळण्याचा एक मोटारींच्या शर्यतीचा खेळ दिला, मग 'वी स्पोर्ट्स'मधील बोलिंग, टेनिस आणि मुष्टियुद्ध, आणि प्रत्येक वेळी शरीराने किती शक्ती खर्च केली ते मोजले. उभ्याने खेळण्याच्या खेळांत बैठ्या खेळापेक्षा निदान निम्म्याने अधिक शक्ती खर्च होत होती. परंतु तोच खेळ खरोखर मैदानावर खेळला असता जितकी झाली असती, तितकी नाही. मुलांनी रोज करावयाच्या व्यायामात याची गणना करता येईल इतका जोर त्यात नाही, असे संशोधकांनी स्वच्छ सांगितले. भिलाईच्या मैदानावर वाढलेल्या माणसाचा आक्षेप येथे पुराव्यानिशी सिद्ध झाला, असे म्हणायला हरकत नाही. ज्या मुलाच्या दाराशी मैदान आहे, त्याला हा खेळ मैदानाच्या ऐवजी देणे म्हणजे दुधाऐवजी पिठाचे पाणी देणे होय. महाभारतातील त्या प्रसंगाची आठवण व्हावी, इतकी ही फसवणूक सोज्ज्वळ दिसते.

परंतु येथेच थांबले तर खेळाचा न्याय पुरा होत नाही. मराठी माणसाला तर विशेषेकरून थांबता येणार नाही, कारण नकली प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याचा एक खेळ त्याच्याच घरात वाढलेला आहे. तो म्हणजे मल्लखांब. बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. मुळात हा खांब होता कशासाठी? कुस्तीच्या सरावासाठी. जोडीदार मल्ल नेहमी मिळत नाही, मिळाला तरी दर वेळी सारख्याच जोमाचा नसतो. म्हणून सागवानी वा शिसवी खांब पुरायचा, त्याला एरंडेल चोळायचे आणि त्यालाच मल्ल समजून मिठी घालायची, पकडी करायच्या, तिढे मारायचे. त्या वेळी एखाद्या जाणकार वस्तादाकडून या खांबाचे परीक्षण लिहून घेतले असते तर? खांब उलट डाव टाकत नाही, हुलकावणी देत नाही, घामही त्याला येत नाही. कुस्तीची हुबेहूब नक्कल म्हणून हा खांब अगदीच अपुरा आहे, असे त्याने लिहिले असते, आणि ते अक्षरशः खरे असते. शंभरांपैकी ७६ गुणसुद्धा त्याने दिले असते की नाही, शंका आहे.

पण खांबाने कुस्तीची नक्कल करणे केव्हाच सोडून दिले. त्याच्यावर माणसाचे शरीर असे काही करू लागले की जे कुस्तीत कधी करता आले नसते. आसने, उड्या, तोल, पायाच्या अंगठ्याच्या पकडीवर उलटे टांगणे. पुरलेला खांब, टांगता खांब, दोरीचा मल्लखांब असे त्याचे प्रकार झाले. बडोद्याहून निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'सारख्या ग्रंथाने देशी व्यायामविद्येची शास्त्रशुद्ध नोंद केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली. १९८१ साली उज्जैनला मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आणि भिलाईपासून दक्षिणेला, त्याच छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात, अबूझमाडच्या अरण्यातील मुले आज मल्लखांबावर अशी काही करामत करतात की २०२३ मध्ये देशभरच्या दूरचित्रवाणीवरील एका गुणदर्शनाच्या स्पर्धेत त्यांचा संघ विजेता ठरला. त्या मुलांकडे पाहताना, हा खांब मूळ कोणाची नक्कल होता, हे कोणाच्याही मनात येत नाही.

नकली वस्तूचा न्याय ती मूळ वस्तूच्या किती जवळ पोचली यावर करावा, की तिने स्वतःचे असे काय निर्माण केले यावर? 'वी स्पोर्ट्स'च्या समीक्षेत हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर देणारी माणसे समीक्षकांच्या कल्पनेतही नव्हती. शिकागोजवळील सेजब्रुक या वृद्धनिवासात २००७ च्या आरंभी सत्तरी-ऐंशीच्या स्त्रीपुरुषांत या खेळातील बोलिंगने असे काही मूळ धरले की तेथे स्पर्धा भरू लागल्या आणि वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे गेले. बोलिंग म्हणजे जड गोळा लांबवर घरंगळत सोडून दहा लाकडी खुंट्या पाडण्याचा खेळ. अमेरिकेतील त्या पिढीने तो तरुणपणी मनमुराद खेळलेला होता. पुढे गोळा उचलवेना, पाय साथ देईनात, म्हणून सुटला. आता गोळ्याचे वजन गेले होते आणि हाताची लकब मात्र तीच उरली होती. ज्या गोष्टीला समीक्षकांनी उणीव म्हटले होते, पडद्यावरील माणूस आपोआप धावतो, चेंडूला वजन नाही, थोडक्या हालचालीत भागते, तीच या मंडळींच्या दृष्टीने दाराची उघडी कडी होती. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मनगटाचा झटका पुरतो, ही यंत्राची लबाडी नव्हे, सोय होय.

येथे भिलाईची आठवण पुन्हा निघते. साठ-सत्तरच्या दशकांत जे तरुण कारखान्यात लागले, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मैदान दाराबाहेर आहे तेथेच आहे, पण गुडघे तेथवर नेत नाहीत. मे महिन्यात तर सूर्य मावळेपर्यंत बाहेर डोकावण्याचीही सोय नसते. मुले पुण्याला, बंगळूरला, कोणाची त्याहूनही दूर. अशा घरी सुट्टीवर आलेला नातू जर असे यंत्र घेऊन आला आणि एके काळी भट्टीसमोर उभे राहिलेल्या आजोबांनी त्याच्याबरोबर दहा खुंट्या पाडल्या, तर त्यांच्यासमोर कोणता पर्याय होता, हे पाहूनच त्या खेळाचे मोल ठरवावे लागेल. त्यांच्या बाबतीत दिवाणखान्यातल्या खेळाची तुलना मैदानाशी नाही, खिडकीशी आहे. नातवाची तुलना मात्र मैदानाशीच आहे, आणि संध्याकाळी ऊन उतरले की त्याला बाहेर पिटाळणे हे आजोबांचे कर्तव्य उरतेच. एकच खेळ, एकाच खोलीत, एका खेळाडूला वरदान आणि दुसऱ्याला तोटा असू शकतो. सरासरी काढून दिलेला एक आकडा ही गोष्ट सांगू शकत नाही.

तरीही या बाजूने वाहवत जाण्यापूर्वी एका वैद्यकीय प्रयोगाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. टोरांटो येथील डॉ. गुस्तावो सापोस्निक आणि त्यांचे सहकारी यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचा दुबळा हात सुधारण्यासाठी या यंत्राचा उपयोग करून पाहिला. २०१० साली प्रसिद्ध झालेला पहिला प्रयोग अवघ्या बावीस रुग्णांवर होता आणि त्याचे फळ आशादायक दिसले. वृत्तपत्रांना हे पुरेसे होते. यंत्र आता रुग्णालयांतून औषधासारखे लिहून दिले जाणार, असे वाटू लागले. संशोधकांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी चार देशांतील १४१ रुग्ण घेऊन मोठा प्रयोग केला, आणि त्याचा निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अर्ध्या रुग्णांना यंत्रावरचे खेळ दिले होते. उरलेल्यांना साधी करमणूक: पत्ते, सोंगट्यांसारखे बैठे खेळ, लाकडी ठोकळे रचणे, चेंडू टाकणे. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि सारखेच सुधारले. यंत्राने पत्त्यांच्या जोडापेक्षा अधिक काही केले नाही.

हा निष्कर्ष यंत्राचा पराभव आहे काय? एका अर्थी आहे; महागडे यंत्र घेण्याआधी रुग्णालयाने पत्त्यांचा जोड घ्यावा, हे उघड आहे. पण दुसऱ्या अर्थाने पाहिले तर त्यात खेळाचा विजय आहे, मग तो पडद्यावरचा असो नाहीतर सतरंजीवरचा. हात पुन्हा पुन्हा हलवायला लावील असे काहीतरी त्याच्यापुढे हवे, आणि ते कंटाळवाणे नको. पत्ते करण्यासाठीच जन्मलेल्या कंपनीचे यंत्र एकशे सव्वीस वर्षांनंतर पत्त्यांशीच बरोबरीत सुटावे, यातील विनोद क्योटोत कोणाच्या ध्यानात आला असेल तर त्याने मनापासून हसावे.

पुढची कहाणी फार लांबवण्याचे कारण नाही. २००९ मध्ये कांडीला घूर्णनमापकाची जोड मिळाली, मनगटाचे वळणे यंत्राला नीट कळू लागले आणि 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट' हा बारा खेळांचा संच आला. समीक्षकांचा मुख्य आक्षेप दूर झाला होता, म्हणून सरासरी ८० वर गेली. चारच गुणांची वाढ, आणि पहिल्याइतका गलका मात्र कोठेच झाला नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' काढले. त्यात कांडीही नव्हती. कॅमेरा माणसाचे सबंध शरीर पाहत असे. काही महिने त्याचा विलक्षण बोलबाला झाला आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. आपल्याकडे पुण्याच्या जेटसिंथेसिस या संस्थेने २०१७ च्या अखेरीस सचिन तेंडुलकर यांच्या नावाने मोबाइलवरचा क्रिकेटचा खेळ काढला. पुढे डोळ्यांवर यंत्र चढवून प्रत्यक्ष खेळपट्टीवर उभे असल्याचा भास देणारी त्याची आवृत्तीही आली. क्रिकेटची राहिलेली कसर अशी भरून निघाली खरी. परंतु डोळ्यांवर यंत्र चढवलेल्या माणसाला शेजारी बसलेली आजी दिसत नाही, आणि 'वी स्पोर्ट्स'मधील अर्धी गंमत तर आजीची होती.

'वी'चे मुख्य उत्पादन २०१३ मध्ये थांबले. मे २०२३ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयाने 'वी स्पोर्ट्स'ची निवड इलेक्ट्रॉनिक खेळांच्या आपल्या सन्माननीय यादीत केली. तोवर मूळ यंत्रे जुन्या बाजारात गेली होती आणि ७६ गुण देणाऱ्या परीक्षणांचे वय सोळा वर्षांवर गेले होते. निवड झाली तेव्हा ना चित्रांचा साधेपणा कोणी काढला, ना नऊ मैदानांचा गोल्फ. ज्यांनी पूर्वी कधी असला खेळ हातात घेतला नव्हता अशा माणसांना याने खेळायला उभे केले, हे कारण पुरेसे मानले गेले. मेटाक्रिटिकच्या पानावरचा आकडा अर्थातच बदललेला नाही. तो ७६ होता, ७६ च आहे.